दाताचा डॉक्टर आणि सायपानची पहाट

गेल्या शनिवारी सकाळी मी दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून पडलो होतो. रूट कॅनॉलची तिसरी आणि (डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे) शेवटची फेरी. तोंडात कापूस, नळी, आणखी काय काय. आणि डॉक्टर नेमके त्याच वेळी विचारणार, "मग, काय म्हणतंय ऑफिस?" यावर "आँ आँ" करण्यापलीकडे माणूस काय बोलणार? पडल्या पडल्या डोक्यात उगाचच एक प्रश्न आला. फौजेतला दाताचा डॉक्टर लढाईच्या दिवशी काय करत असेल? गोळ्या सुटायला लागल्यावर दाढ दाखवायला कोण येणार?

खरं तर याचं एक उत्तर मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी पॅसिफिकमधल्या युद्धाबद्दल वाचताना एक नाव मनात अडकून बसलं होतं: कॅप्टन बेन सॅलोमन. त्याच्यावर लिहू लिहू म्हणत राहून जात होतं. बधिर जबडा घेऊन घरी आलो, दोन तास कुणाशी बोलता येणार नव्हतंच. म्हटलं, आज लिहूनच टाकू :)

तर मंडळी, हा सॅलोमन १९१४ साली अमेरिकेत मिलवॉकीला जन्मला. १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातून दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि प्रॅक्टिस सुरू केली. १९४० मध्ये सक्तीच्या लष्करभरतीत त्याचं नाव निघालं आणि हा डॉक्टर पायदळात साधा शिपाई झाला. गंमत म्हणजे तिथे तो चांगलाच रमला. रायफल आणि पिस्तूल दोन्हींत नेमबाज म्हणून नाव झालं, बढती मिळाली, मशिनगनच्या तुकडीचा सार्जंट झाला. आणि मग १९४२ मध्ये लष्कराच्या लक्षात आलं, की अरे, हा तर डेंटिस्ट आहे! आपल्याकडे नाही का, एखादा डेव्हलपर एका टीममध्ये मस्त रुळलेला असतो आणि दोन वर्षांनी कुणीतरी त्याचा रेझ्युमे उघडून बघतं... तसंच. "मला पायदळातच राहू द्या" अशी विनंती त्याने केली, पण ती फेटाळली गेली. सार्जंटचा अधिकारी झाला आणि हातात मशिनगनऐवजी पक्कड आली. पुढे २७ व्या डिव्हिजनच्या १०५ व्या पायदळ रेजिमेंटचा दंतवैद्य म्हणून त्याची नेमणूक झाली. सकाळी दात बघायचे आणि दुपारी शिपायांना लढाईचे धडे द्यायचे, असा त्याचा दिनक्रम.

आता सायपानबद्दल थोडंसं. नकाशात जपानच्या दक्षिणेला खाली खाली येत गेलं की मारियाना बेटांची एक बारीक रांग दिसते. सायपान त्यातलं एक. लांबी जेमतेम २० किलोमीटर, साधारण चर्चगेट ते अंधेरी एवढं अंतर. पहिल्या महायुद्धात हे बेट जपानच्या ताब्यात आलं आणि तिथे उसाची शेती, साखर कारखाना, छोटी रेल्वे असं सगळं उभं राहिलं. ओकिनावाहून हजारो कुटुंबं येऊन वसली. मूळचे चामोरो आणि कॅरोलिनियन लोक होतेच, ज्यांना या भांडणात कुणी काही विचारलं नव्हतं.

एवढ्याशा बेटासाठी एवढा जीव का टाकायचा? कारण अंतर. सायपानहून टोकियो सुमारे २४०० किलोमीटर. अमेरिकेचं नवं बी-२९ विमान तिथून उडून, बॉम्ब टाकून परत येऊ शकत होतं. सायपान गेलं की जपानची घरंदारं बॉम्बच्या टप्प्यात आली, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

१५ जून १९४४ ला अमेरिकी सैन्य बेटावर उतरलं. सगळं मिळून ७० हजारांवर सैनिक, आणि समोर सुमारे ३० हजार जपानी. १९ आणि २० जूनला समुद्रात मोठी लढाई झाली. तीत जपानी आरमाराची विमानं शेकड्यांनी पडली आणि आरमार मागे फिरलं. त्या दिवशीच सायपानच्या जपानी फौजेचा निकाल खरं तर लागला होता. मदत येणार नव्हती, रसद येणार नव्हती, माघार घ्यायला जमीन नव्हती. तरी ते आणखी जवळजवळ तीन आठवडे लढले. गुहेगुहेतून, डोंगराच्या कड्याकड्यावरून.

याच काळात, २२ जूनला, १०५ व्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचा डॉक्टर जखमी झाला. त्याच्या जागी कोण जाणार? सॅलोमन म्हणाला, मी जातो. तसंही रणधुमाळीत दाढा काढण्याचं काम नव्हतंच.

आता जरा जपानी बाजूकडे वळू. जुलै उजाडला तेव्हा त्यांचा सेनापती लेफ्टनंट जनरल योशित्सुगु साइतो बेटाच्या उत्तरेला एका गुहेत आजारी, जखमी अवस्थेत होता. पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या ताफ्याचा प्रमुख अॅडमिरल नागुमो, तोही याच बेटावर अडकला होता. केवढा हा फेरा! अडीच वर्षांपूर्वी जगातला सर्वांत बलाढ्य विमानवाहू ताफा हाताखाली असलेला माणूस आता गुहेत बसून शेवटाची वाट बघतोय.

साइतोने शेवटचा हुकूम काढला. जे उरलेत त्यांनी सगळ्यांनी मिळून शत्रूवर तुटून पडायचं आणि मरायचं. याला जपानीत शब्द आहे 'ग्योकुसाइ'. म्हणजे रत्नाचा चक्काचूर. मूळ कल्पना जुन्या चिनी ग्रंथातली: छपरावरचं धड कौल होऊन राहण्यापेक्षा फुटलेलं रत्न होणं बरं. ऐकायला किती सुंदर वाटतं ना? जपानी सरकारने १९४३ मध्ये अट्टू बेटावरची फौज संपली तेव्हा हा शब्द अधिकृतपणे वापरला आणि मग तो रुळलाच. एक पराभव लपवायला एक देखणा शब्द. (आपल्या क्षेत्रातही असे देखणे शब्द कमी नाहीत, पण तिथे फार तर नोकऱ्या जातात.)

हुकूम देऊन ६ जुलैला साइतोने स्वतःचं जीवन संपवलं. नागुमोचाही शेवट तिथेच झाला. हल्ला पाहायला दोघंही नव्हते. हे वाचताना मी दर वेळी इथे थांबतो. ज्यांनी "सगळे मरा" असं सांगितलं, त्यांना ते सगळे मरताना बघावं लागलं नाही.

६ जुलैच्या संध्याकाळी १०५ व्या रेजिमेंटच्या पहिल्या आणि दुसऱ्या बटालियन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, तानापागच्या मैदानात मुक्कामाला थांबल्या. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला टेकड्या. त्यांच्या आणि शेजारच्या तिसऱ्या बटालियनच्या मध्ये काही शे यार्डांची मोकळी फट राहिली होती. पहिल्या बटालियनचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल विल्यम ओब्रायन याला ती फट दिसत होती. जपानी मोठा हल्ला करणार, ही कुणकुणही लागली होती. त्याने वर जादा माणसं मागितली. शिल्लक नाहीत, असं उत्तर आलं. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर डोळ्यांसमोर दिसतोय, मेल टाकून झालीय आणि उत्तर "नो बँडविड्थ"... ओळखीचं वाटतं, पण इथे तुलना थांबवलेली बरी.

७ जुलैला पहाटे पावणेपाचच्या सुमारास ते आले. किती? तीन हजार, चार हजार, त्याहूनही जास्त. आकडे वेगवेगळे दिले जातात. दुसऱ्या बटालियनचा मेजर एडवर्ड मॅकार्थी याने पुढे सांगताना सिनेमात गुरांचा कळप उधळतो त्याची उपमा दिली. पुढे अधिकारी तलवारी घेऊन, मागे रायफलवाले, त्यामागे नुसती संगीनं काठ्यांना बांधलेले, बांबूचे भाले घेतलेले, आणि शेवटी दवाखान्यातून उठून आलेले जखमी. डोक्याला बँडेज, काखेत कुबड्या. ज्यांना चालताच येत नव्हतं त्यांना आधीच संपवण्यात आलं होतं.

लोंढा त्या फटीतून आत घुसला. ओब्रायन दोन हातांत दोन पिस्तुलं घेऊन आपल्या माणसांना हाका देत फिरत राहिला. जबर जखमी झाला तरी मागे गेला नाही. पिस्तुलं रिकामी झाल्यावर एका जीपवरच्या मशिनगनवर चढला आणि तिथेच पडला. सार्जंट थॉमस बेकर जखमी झाला, त्याला उचलून नेणारा दुसरा शिपाईही जखमी झाला. मग बेकर म्हणाला, मला नेऊ नका, माझ्यापायी आणखी कुणी जायला नको. त्याला एका झाडाला टेकवून बसवलं. त्याने एक पिस्तूल मागून घेतलं, आठ गोळ्या असलेलं. नंतर तो त्याच जागी सापडला. पिस्तूल रिकामं आणि समोर आठ मृतदेह. ओब्रायन आणि बेकर दोघेही न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय या एकाच गावचे.

आणि सॅलोमन? त्याचा मदत-तंबू पहिल्या फळीच्या मागे जेमतेम ५० यार्डांवर होता. हल्ला सुरू झाल्यावर दहा मिनिटांत तिथे तीसेक जखमी गोळा झाले. काही चालत, काही रांगत, काहींना उचलून आणलेलं. तंबू भरला. सॅलोमन एकावर उपचार करत असताना त्याने पाहिलं, की तंबूजवळ पडलेल्या एका जखमीला जपानी शिपाई संगीन खुपसतोय. त्याने बसल्या बसल्या रायफल उचलून त्याला टिपलं आणि परत कामाला वळला. तेवढ्यात दारातून दोघं आले. त्यांच्याशी झटापट. मग तंबूच्या कापडाखालून चौघं आत सरपटले. एकाच्या हातातला सुरा त्याने लाथेने उडवला, एकावर गोळी झाडली, एकाला संगिनीने मारलं, चौथ्याच्या पोटात डोक्याने ढुशी दिली आणि एका जखमी सैनिकाने त्या चौथ्याला गोळी घातली.

आता तंबू राखणं अशक्य होतं. सॅलोमनने जखमींना सांगितलं, जमेल तसं मागे रेजिमेंटच्या दवाखान्याकडे निघा, मी यांना थोपवतो. एका जखमीची रायफल घेतली आणि बाहेर पडला. बाहेर एका मशिनगनवरची चार माणसं मारली गेली होती. ती गन त्याने ताब्यात घेतली. सार्जंट असताना जे काम तो करायचा, नेमकं तेच काम.

त्यानंतर त्याला जिवंत कुणी पाहिलं नाही. पुढे तो भाग परत ताब्यात आला तेव्हा तो गनवर ओणवा पडलेला सापडला. समोर ९८ मृतदेह मोजले गेले. त्याच्या अंगावर गोळ्यांच्या ७६ जखमा होत्या, संगिनीच्या वेगळ्या. त्यांतल्या चोवीसपर्यंत जखमा जिवंतपणी झालेल्या असाव्यात असा अंदाज होता. समोर प्रेतांचा ढीग साचून नेम धरता येईना, म्हणून जखमी अवस्थेत त्याने गन ओढत जागा बदलली असावी, असं पाहणाऱ्यांना वाटलं.

त्या दिवशी दोन बटालियनमधल्या सुमारे अकराशे जणांपैकी ४०६ ठार आणि ५१२ जखमी झाले. उरलेले तानापाग गावात घरांच्या आडोशाने लढत राहिले, काही समुद्रात शिरून प्रवाळाच्या कड्यापर्यंत पोहत गेले. मागच्या तोफखान्याने अगदी तोंडासमोर तोफा डागल्या. संध्याकाळपर्यंत लोंढा आटला होता. जपानी मृतदेह मोजले, ४३११. त्यांतले काही आधीच्या तोफमाऱ्यातले असतील, पण तरी. दोन दिवसांनी, ९ जुलैला, सायपान जिंकल्याचं जाहीर झालं. १८ जुलैला पंतप्रधान तोजोने राजीनामा दिला.

आता ते ९८. खरं सांगायचं तर हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा "वा!" असंच तोंडातून निघालं होतं. गेममधल्या स्कोअरसारखं. पण त्या लोंढ्यात कोण कोण होतं हे कळल्यावर त्या "वा"ची लाज वाटते. त्या ९८ मध्येही कुणी कुबडी घेऊन आलेला असू शकेल, कुणी आदल्या दिवशीपर्यंत खाटेवर असलेला. सॅलोमनला त्यांच्याबद्दल द्वेष असेल-नसेल, त्याच्याकडे त्या क्षणी दुसरा मार्ग नव्हता. आणि त्यांच्याकडेही नव्हता, कारण त्यांचे मार्ग त्यांच्याच वरिष्ठांनी बंद केले होते. कैद होणं ही नामुष्की आहे, हे १९४१ च्या लष्करी आचारसंहितेत त्यांना शिकवलेलं होतं.

त्या पहाटे एकाच किनाऱ्यावर दोन अखेरच्या झुंजी चालू होत्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात: माणसं मरेपर्यंत लढली. पण एक झुंज होती ती कुणीच उरू नये म्हणून. दुसरी, कुणीतरी उरावं म्हणून. आपण 'खिंड लढवली' म्हणतो तेव्हा त्यात मागून निसटणारं कुणीतरी गृहीत असतं. मागे कुणी नसेल तर ती खिंड नाही, नुसता कडेलोट. आणि सायपानवर तो शब्दशः झाला. बेटाच्या उत्तर टोकाला मार्पी इथे, अमेरिकन हाल हाल करून मारतील या भीतीने, शेकडो जपानी नागरिकांनी मुलाबाळांसकट कड्यावरून उड्या घेतल्या. लाउडस्पीकरवरून विनवण्या करूनही अनेक जण थांबले नाहीत.

राहिली सॅलोमनच्या पदकाची गोष्ट. ओब्रायन आणि बेकर यांना १९४५ मध्ये मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं. डिव्हिजनचा इतिहास लिहिणाऱ्या कॅप्टन एडमंड लव्ह याने साक्षी गोळा करून सॅलोमनची शिफारसही वर पाठवली. डिव्हिजनचा प्रमुख मेजर जनरल जॉर्ज ग्रायनर याने ती नाकारली. वाईट वाटतं, पण हा वैद्यकीय अधिकारी होता, दंडावर रेडक्रॉसची पट्टी होती, आणि जिनिव्हा करारानुसार असा माणूस शत्रूवर शस्त्र चालवू शकत नाही, असा त्याचा मुद्दा.

नियम मूर्खपणाचा नाही, हे आधी कबूल करू. दंडावरची ती पट्टी ही एक प्रकारची परस्पर बोली आहे: आम्ही तुम्हाला मारणार नाही, तुम्ही आम्हाला मारू नका. ही बोली मोडली तर सगळ्याच तंबूंवर गोळ्या पडतील. पण १९२९ च्या त्याच करारात पुढे ८ वं कलम आहे. वैद्यकीय पथकाने स्वतःच्या किंवा आपल्याकडच्या जखमींच्या बचावासाठी शस्त्र वापरलं तर संरक्षण जात नाही, असं ते सांगतं. म्हणजे नियम वाचला, त्यातलं एक्सेप्शन हँडलिंग वाचलंच नाही! यावर कुणी म्हणेल, रायफल ठीक, पण मशिनगन? माझं मत विचाराल तर तो कुणावर चाल करून गेला नव्हता. मागे तीस माणसं रांगत चालली होती आणि हा दार धरून उभा होता.

लव्हने १९५१ मध्ये परत प्रयत्न केला. मुदत संपली, असं उत्तर आलं. साठीच्या दशकाच्या शेवटी लष्कराच्या वैद्यकीय प्रमुखांनी शिफारस केली, तीही परत आली. मग १९९८ मध्ये सॅलोमन जिथे शिकला त्याच दंत महाविद्यालयातल्या डॉ. रॉबर्ट वेस्ट यांनी फाइल पुन्हा उघडली, एका खासदाराला गाठलं, आणि १ मे २००२ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पदक दिलं. ५८ वर्षांनी. सॅलोमनचं जवळचं कुणी हयात नव्हतं, म्हणून ते डॉ. वेस्ट यांनी स्वीकारलं. अमेरिकी लष्कराच्या दंत विभागातल्या अधिकाऱ्याला मिळालेलं हे पहिलं मेडल ऑफ ऑनर.

आणखी एक माणूस सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. कॅप्टन साकाए ओबा. मूळचा भूगोलाचा मास्तर. त्या पहाटेच्या जपानी हल्ल्यात तोही होता. तो वाचला आणि मेलो नाही म्हणून शरमून जीव देण्याऐवजी उरलेल्या माणसांना घेऊन डोंगरात गेला. युद्ध संपलं तरी खाली आला नाही. शेवटी एका जपानी जनरलचा रीतसर हुकूम हातात पडल्यावर, १ डिसेंबर १९४५ रोजी, ४६ जणांना घेऊन उतरला, तलवार अमेरिकन अधिकाऱ्याच्या हाती दिली, आणि घरी गेला. बायकोकडे, मुलाकडे. १९९२ पर्यंत जगला. साइतोच्या हिशेबात हे 'कौल' झालं. मला विचाराल तर धड कौलाखाली निदान एक घर राहतं.

असो. पुढच्या शनिवारी दाढेवर कॅप बसवायला जायचंय. डॉक्टरांना ही गोष्ट सांगायची फार इच्छा आहे. पण तेव्हाही तोंडात कापूस असणारच.